हिरव्या थाळीला तडा

थाळी तडकली तेव्हा सफूराच्या हातात भाताचा डाव होता. आवाज मोठा नव्हता. काचेच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी तेवढाच, पण अगदी नितळ. तिने घरच्या म्हाताऱ्या मालकिणीकडे, बीबीकडे पाहिलं. बीबी झुवैना थाळीकडे पाहत होती. मग काही ऐकलंच नाही असं दोघींनी आपापलं ठरवलं. सफूराने भातावर सुरमईचं कालवण घातलं, बीबीने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास उचलला.

कालवणात गोळी होती. रक्तदाबाची, खलबत्त्यात कुटून पीठ केलेली.

गोळ्या बीबीने स्वतःच बंद केल्या होत्या. "त्या घेतल्या की मला माझ्या मेलेल्या बहिणींची नावं आठवत नाहीत," ती म्हणायची, "आणि मी नाही आठवली तर त्यांना कोण आठवणार?" तिची मुलगी शम्सा घुब्राला राहते, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने एके दिवशी सफूराला स्वयंपाकघरात गाठलं. "डॉक्टरांना विचारलंय. कुटून दिली तरी चालते. तुला तिचा जीव हवाय ना?" या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? सफूरा हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या हाताची चव तिलाच कळेनाशी झाली.

सफूरा मूळची दाभोळच्या खाडीकाठची. नवरा आदिल समुद्रापलीकडे अरबांच्या मुलखात, सीबच्या जुन्या बाजारात कंदोरे, म्हणजे तिथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, शिवायचा. त्याच्यामागे तीही आली. आदिल गेला तेव्हा गावाकडचे म्हणाले, परत ये. शेजारची बीबी म्हणाली, राहा. परत जाऊन बसायचं कोणाच्या ओटीवर हे सफूराला सुचेना, म्हणून ती राहिली. निर्णय घेतला असं काही झालंच नाही. ती नुसती उठून बीबीच्या घरी भाकऱ्या भाजायला लागली. पुढे तिला काहवा, ती वेलदोड्याची कोरी अरबी कॉफी, जमला, बीबीला सोलकढी आवडू लागली. दोघी अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत बोलायच्या. उरलेलं हातवाऱ्यांनी.

थाळी त्या घरात सफूराच्या कितीतरी आधी आली होती. बीबीच्या माहेरच्या जुन्या घराच्या जाड भिंतींत कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात चिनी भांडं. कुठल्याशा पणजोबाने गलबतातून आणलेली. घर पडलं, भांडी भावंडांत वाटली गेली. बीबीच्या वाट्याला ही आली. ओहोटीनंतर खडकात साचून राहिलेल्या पाण्यासारखी हिरवी. आणि तळाशी, झिलईच्या खाली, एकमेकांच्या मागे लागलेले दोन उठावाचे मासे. शम्सा म्हणायची, ही सातशे वर्षांची असेल, काचेत ठेवू. बीबी म्हणायची, थाळी जेवायला असते. तरी इतकी वर्षं तीही तिच्यात जेवली नव्हती. गोळ्या कालवणात जायला लागल्यावर आठवड्याभरातच तिने ती खाली काढायला लावली. सफूराला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

विष वाढलं तर अशी थाळी तडकते, ही गोष्ट बीबीने तिला पूर्वीच सांगितली होती. सफूराला ती नवी नव्हती. तिची आजीसुद्धा कुठल्याशा नवाबाच्या हिरव्या थाळीबद्दल हेच सांगायची. एकच गोष्ट समुद्राच्या दोन्ही काठांना सांगितली जात असेल तर ती खोटी कशी असेल?

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाली ती थेट कॉनराडच्या दुकानात गेली. कॉनराड वसईचा. सीबमधल्या एका फरशा-बेसिनच्या दुकानात विक्री बघायचा. बीबीच्या न्हाणीघराच्या फरशा त्यानेच दिल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून मराठी शिवी ऐकू आल्यावर खूश होऊन चहा मागितला होता.

"कॉनराडभाऊ, भांडा आपोआप तडकता काय?"

"भांडं? आमची बेसिनं तडकतात, मग कस्टमर येऊन माझं डोकं तडकवतात. कुठलं भांडं?"

तिने सांगितलं. त्याने शेल्फवरची एक हिरवी फरशी काढून उजेडात तिरकी धरली. झिलईच्या आत केसासारख्या बारीक रेघांचं जाळं होतं.

"हे बघ. वरचं हे म्हणजे काच. राख आणि दगडाची पूड पाण्यात कालवायची, मातीच्या भांड्यावर चढवायची, भट्टीत वितळली की काच. हिरवा रंग लोखंडाचा, चिमूटभर गंज. तोही भट्टीचा वारा कोंडला तर. वारा मोकळा सोडला की पिवळट. चिन्यांनी हे जुन्या काळात जमवलं, आम्ही आता कंटेनर भरून विकतो."

"वारा कोंडून हिरवा होता?" सफूराला हेच आधी पटेना.

"होतो बाय. आणि तडकतं कशाने, तर थंड होताना माती आवळते, काचही आवळते. काच जास्त आवळली की तंग होते. नाताळानंतरचा माझा शर्ट बघ. बटण कधीतरी उडणारच."

"कधीतरी म्हंजे कधी?"

"भट्टीतून काढल्या काढल्या. नाहीतर वर्षांनी. माती ओल पिते, फुगते, वरची काच ताणते. गरम भात पडला की निमित्त."

"आणि विषान?"

कॉनराडने फरशी खाली ठेवली. "सफूराबाय, कोण कोणाला विष घालतंय?"

"नाय नाय. मी आपली विचारते."

"तू मला घाबरवतेस हां."

"पण सातशे वर्सां गप बसली, नि आताच कशी तडकली?"

"ते मला काय माहीत? माझी वॉरंटी दहा वर्षांची."

ती भाजी न घेताच परतली. उत्तर मिळालं होतं, पण ते तिच्या प्रश्नाला कुठे चिकटेना. मग तिने स्वतःच पारख करायचं ठरवलं. एके दिवशी गोळी घातलीच नाही. थाळी टिचकली. दुसऱ्या दिवशी घातली, थाळी गप्प. तिसऱ्या दिवशी भात निववून वाढला, गोळी घातली, आणि बीबी हात धूत असताना रिकामी बाजू आपोआप टिचकली. माशांच्या अंगावर आता दोन रेघा उमटल्या होत्या. थाळी तिच्यावर आरोप करत होती की नुसती म्हातारी होत होती, काही कळायला मार्ग नव्हता.

"थाळी काय म्हणते?" बीबीने टॉवेलला हात पुसत विचारलं.

"भात गरम आहे म्हणते."

"भात गार आहे." बीबी हसली. "तू आलीस तेव्हा तुला खोटं बोलता येत नव्हतं. अरबी येत नव्हती म्हणून."

सफूरा उभी राहिली. पदर उगाच सारखा केला. मग म्हणाली, "बीबी, गोळी घालते मी. कालवणात."

"शम्सा?"

सफूराने कालवणाचं पातेलं झाकलं. बीबीने पुन्हा हात धुतले, न जेवताच, आणि आत गेली.

त्यानंतर बीबी खजूर आणि काहवा यांवर राहिली. काहवाही स्वतः उठून गाळायची. सफूराने केलेलं संध्याकाळी तसंच्या तसं फ्रीजमध्ये जायचं. आदिल गेला तेव्हाही सफूराला या घरात परकं वाटलं नव्हतं. आता पाण्याचा ग्लास पुढे करतानासुद्धा आपल्या हाताकडे कोणीतरी बघतंय असं वाटायचं.

बीबीने लेकीला जाब विचारला असावा, कारण शम्साचा फोन आला. "सांगितलंस कशाला? बरं, खलास, झालं ते झालं. आता काहव्यात घाल."

"नाही जमणार."

"तिला काही झालं तर?"

"माहीत नाही."

"मग तुला तिथे ठेवून उपयोग काय?"

हेही सफूराला माहीत नव्हतं. गोळी चोरून दिली तर बीबी तिच्या हातचं खाणार नाही. नाही दिली तर एक दिवस खायला बीबीच नसेल. यातलं विष कुठलं?

दुसऱ्या दुपारी तिने भात रांधला, सुरमई कालवली, सगळं त्याच थाळीत वाढलं. गोळी न कुटता, अख्खी, काठावर ठेवली. हिरव्यावर पांढरी, लपायला जागाच नाही. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: चटईवर बीबीच्या समोर बसली आणि बीबीच्या बाजूचा भात कालवून आधी स्वतः खाल्ला.

बीबीने तिचं चावणं बघितलं, गिळणं बघितलं. मग तिने हात पुढे केला. जेवली, पोटभर जेवली. भातातला खडा बाजूला सारावा तशी गोळी मात्र बोटाने सारली.

मग रोज तसंच. एक थाळी, दोन हात, काठावर गोळी. जेवण संपे, गोळी उरे. आपण हरलो की जिंकलो, सफूराला ठरवता येईना. बीबी तिच्या हातचं खात होती, हे खरं. गोळी खात नव्हती, हेही खरं. दोन्ही एकाच थाळीत.

एका दुपारी मीठ आणायला उठली आणि परत आली तर काठ रिकामा. तिने चटईखाली पाहिलं. भात चाचपला. उशीमागे, काट्यांच्या वाटीत.

"काय शोधतेस?"

"काही नाही, बीबी."

"मग बस. भात निवतोय."

तेवढ्यात फोन वाजला. शम्सा. "आज घेतली का तिने?"

सफूराने बीबीकडे पाहिलं. बीबी माशाचा काटा काढण्यात गढली होती, किंवा गढल्यासारखी दिसत होती.

"थाळीत नाहीये," सफूरा म्हणाली.

"म्हणजे घेतली?"

"थाळीत नाहीये. एवढंच मी बघितलं."