काजाच्या मशीनचे माझे दोन दिवस

आमच्या गल्लीत वार विकत मिळायचे. थट्टा नाही करत. चामराजपेटेतल्या आम्हा मराठी शिंप्यांच्या तीन घरांनी मिळून काजाचं एक मशीन घेतलं होतं. पलटणीचे कपडे शिवणाऱ्या एका कंत्राटदाराने गाशा गुंडाळला, तेव्हा त्याच्याकडून. एकट्याला ते कुणालाच झेपणारं नव्हतं, म्हणून आठवडा वाटून घेतला. सोमवार-मंगळवार अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. बुधवार-गुरुवार थोरल्या काकांचे. ते नात्याने आमचे कुणीच नव्हते, पण तिघांत वयाने मोठे ते आणि मशीनही त्यांच्याच पडवीत. शुक्रवार-शनिवार कोटवाल्या अण्णांचे. रविवारी मशीनला तेल आणि विश्रांती.

पडवीच्या भिंतीवर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर वार आणि वारापुढे चुन्याने लिहिलेलं नाव. कागद नाही, स्टॅम्प नाही. ज्याचं नाव त्याचा दिवस. दुसऱ्याच्या दिवशी चार काजं करून घ्यायची असतील तर त्याला विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर गुमान घरी यायचं. दिवस विकायचे झाले तर विकणाऱ्याने काकांसमोर उभं राहून ‘माझे दिवस याला दिले’ एवढंच म्हणायचं. काका जुनं नाव पुसून नवं लिहिणार. मग खंडेनवमीला, म्हणजे गाव ज्याला आयुधपूजा म्हणतं त्या दिवशी, प्रत्येक मालकाने मशीनपुढे आपला नारळ फोडायचा आणि खोबरं बाकीच्या दोघांना द्यायचं. त्यांनी ते खाल्लं की वर्षभर त्याच्या दिवसांबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कधी भांडण झालं नव्हतं. आता कळतं, भांडण झालं नव्हतं कारण मागणारी बाई कधी आली नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं आणि आमची पेठ संध्याकाळी सातला शांत व्हायची. अप्पांच्या दुकानातली हातशिलाई सगळी माझ्याकडे. कापायला मला येत होतं, मशीन मारायला येत होतं, पण गिऱ्हाइकाला वाटायचं सगळं अप्पाच करतात आणि अप्पा त्याला काही सांगायला जात नसत. जवळच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या मात्र लक्षात आलं. त्यांचा एक ब्लाउज मी शिवला होता. गळा बघून त्यांनी विचारलं, “हा कुणाच्या हातचा?” आणि मी माझा म्हणाले. दिवाळीनंतर शाळेचे नवे ब्लाउज शिवून घ्यायचे होते. त्या म्हणाल्या, काम तुला देते, तुझ्या नावावर देते, पण काजाच्या मशीनचे ठरलेले दिवस तुझ्या हातात असले तरच. बापाच्या मेहेरबानीवर चालणारं काम मला नको.

योग असा, की त्याच सुमाराला कोटवाल्या अण्णांचा मुलगा सरकारी कारखान्यात लागला. कारखान्याची बस त्याला न्यायला कोपऱ्यावर यायची आणि अण्णा रोज तिला निरोप द्यायला उभे राहायचे. मुलाने त्यांना शिवणकाम सोडायला सांगितलं. दिवस विकायचे आहेत, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. माझी एक चीटी, म्हणजे भिशी, नुकतीच उठली होती, तीन वर्षं लपवूनछपवून भरलेली. ज्येष्ठात आमच्याच ओसरीवर सौदा ठरला. मी त्यांच्यापुढे पानसुपारीचं ताट ठेवलं, ताटात सगळी रक्कम ठेवली आणि अण्णांनी ताट उचलून कपाळाला लावलं. आमच्यात विडा उचलला म्हणजे शब्द दिला. अप्पा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. मी समजले, त्यांना मान्य आहे. इतकी मूर्ख मी त्यापूर्वी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

आता फक्त अण्णांनी काकांच्या पडवीत जाऊन एक वाक्य म्हणायचं होतं. चार पावलांवर घर.

“आषाढ लागला गं पोरी,” अण्णा म्हणाले. “आषाढात कुणी देणंघेणं करतं का? स्वल्प तडी.” जरा थांब म्हणाले, मी थांबले. श्रावण आला. श्रावणात काय अडचण होती? तर वरमहालक्ष्मीचं व्रत. शुक्रवार हा लक्ष्मीचा वार, तो श्रावणात घराबाहेर कसा घालवायचा, असं त्यांच्या बायकोला वाटत होतं. मग मी फक्त शनिवार द्या म्हणाले, तर म्हणे जोडी फोडू नये. मग गौरी-गणपती. मग त्यांच्या मेहुण्याचा पाय मोडला, तुमकूरला. मेहुण्याच्या पायाचा आणि माझ्या शुक्रवाराचा काय संबंध, हे मी विचारलंसुद्धा. “नोडोण, नोडोण,” ते म्हणाले. बघू, बघू. मग पितृपक्ष, आणि पितृपक्षापुढे तर कुणाचीच मात्रा चालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या माणसाला नाचता येत होतं, नाचायचं नव्हतं.

राग याचा नाही आला. राग आला तो याचा, की तोवर दर शुक्रवारी सकाळी मला त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागायचं. “अण्णा, आज बसू का मशीनवर?” ते आधी वर्तमानपत्राची घडी घालायचे, मग चष्मा काढायचे, मग म्हणायचे, “सरी, बरंय, बस. आता तुझेच आहेत की दिवस.” माझेच होते तर मी विचारत का होते? पायरीवर उभं राहून, विकत घेतलेल्या गोष्टीची भीक मागत? एका शुक्रवारी त्यांनी नाही म्हटलं, कारण त्यांच्या व्याह्यांचे सदरे होते. त्या दिवशी मी घरी बसून हाताने काजं केली. बोटाला सुई लागून कापडावर रक्ताचा डाग पडला आणि ते कापड मी आईकडून धुऊन घेतलं नाही. तसंच ठेवलं, राग विझू नये म्हणून.

नवरात्रात मी त्यांच्या घरी गेले ती बसायला नाही, उभ्यानेच विचारायला. खंडेनवमीला नारळ कुणाचा? अण्णांनी छपराकडे बघितलं. मग म्हणाले, “एक तोड आहे. अप्पांच्या नावावर लिहू. नारळ अप्पा फोडतील. बाईमाणसाने कुठे नारळ फोडलाय? काम तूच कर की. नावात काय आहे?”

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, बरंच झालं, सुटलीस. अप्पा जेवता जेवता म्हणाले, “शहाण्यासारखं बोलला तो.” सगळ्यांना ते इतकं पटलं होतं, की रात्रभर मलाच वाटत राहिलं, माझंच डोकं फिरलंय का? पण शाळेच्या बाईंनी नाव कुणाचं म्हटलं होतं, ते मला पाठ होतं. आणि नावात काही नसेल तर ते माझं असायला यांच्या पोटात का दुखावं? सकाळी मी बाजारात जाऊन नारळ घेतला. चार वेळा हलवून, पाण्याचा आवाज ऐकून घेतला.

खंडेनवमीला काकांची पडवी झेंडूने भरली होती. मशीन घासूनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवलेलं. बाहेर कुणीतरी कुंकू भरलेला कोहळा फोडला होता. आधी काकांनी आपला नारळ फोडला, मग अप्पांनी. तिसरा कोटवाल्या अण्णांचा. त्यांनी आणला होता. चार महिने माझी सगळी रक्कम खिशात घालून हा माणूस नारळ घेऊन आला होता! ते उठायला लागले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना उठायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ मला पुरला.

मी पिशवीतला नारळ काढला, उंबऱ्यापाशी बसले आणि दगडावर आपटला. पहिल्या घावाला फुटला नाही. लाजेने कान तापले, पण हात थांबवला नाही. दुसऱ्या घावाला सरळ दोन भकलं झाली आणि पाणी माझ्या पदरावर आलं.

काका म्हणाले, “बायकांनी नारळ फोडू नये गं.”

“मग अण्णांनी बाईला दिवस विकायला नको होते.”

काकांनी भकल हातात घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला. आत पांढरंशुभ्र खोबरं. “नासका निघाला असता तर बोललो असतो,” ते म्हणाले. “आता काय बोलू? पण मला दात नाहीत. किसून दे.” मी आतून किसणी आणून त्यांच्या तळहातावर किसून दिलं आणि म्हातारा ते साखरेशिवाय चवीने खात बसला.

मग मी ताटली अण्णांपुढे धरली. पूजेचं खोबरं नाकारायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला, आणि मग त्यांचा संताप उफाळून आला. “मलाच काय धरून बसलीयेस? मी आषाढाच्या आदल्या दिवशीच फळी पुसून घ्यायला निघालो होतो. तुझ्या अप्पांनीच अडवलं मला! पोरीचं लग्न होईपर्यंत चालढकल कर म्हणाले. दिवस हिच्या नावावर झाले तर उद्या सासरी जातील, आपल्या घरातून जातील, म्हणाले. लक्ष्मी काय, पितृपक्ष काय, मी एकट्याने शोधून काढले वाटतं? निम्मे त्यांनीच सुचवले!”

मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. मला फार एकटं वाटलं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं, की माझं डोकं फिरलेलं नव्हतं. कुणीतरी खरोखरच दार आतून धरून ठेवलं होतं, आणि ते माझ्याच घरातलं होतं.

“दिले,” अण्णा काकांना म्हणाले. “शुक्रवार-शनिवार हिला दिले. सुटलो बाबा.” काकांनी ओल्या फडक्याने फळी पुसली आणि चुन्यात काडी बुडवून माझं नाव लिहिलं. फक्त माझं, पुढे बापाचं नाही. मी सांगितलं तसं.

ताटलीत एक तुकडा राहिला होता. मी अप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

“मला उपास आहे,” अप्पा म्हणाले.

“उपासाला खोबरं चालतं.”

“लग्न झाल्यावर काय करशील या दोन दिवसांचं?”

“लग्न आठवड्याचे सातही दिवस असतं का अप्पा? पाच दिवस करीन.”

काका किसाने ठसकले. अप्पांनी तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला आणि चपला घालून निघून गेले. तो त्यांनी पुढे खाल्ला की फेकला, मला कधीच कळलं नाही. घरी आमचं बोलणं बंद झालं. आईने मध्यस्थी करून पाहिली. मी तिला सांगितलं, चूक माझी असती तर मी पाया पडले असते.

शाळेचं काम आलं, माझ्या नावावर आलं. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मी पडवीत बसले होते. ब्लाउजांचा ढीग उजव्या हाताला, झालेले डाव्या. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर अप्पा. हातात सहा सदरे, कुणा गिऱ्हाइकाला संध्याकाळच्या गाडीने मद्रासला जायचं होतं. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या आणि ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते. आयुष्यात त्यांनी मला काम सांगितलं होतं, कधी विचारलं नव्हतं.

“आज तुझा दिवस आहे,” ते म्हणाले. “सहा सदऱ्यांची काजं होतील का?”

मी होतील म्हणाले. आधी हातातले ब्लाउज संपवते, मग घेते, असंही म्हणाले. ते पायरीवर बसले. मी मुद्दाम सावकाश केलं नाही, पण घाईही केली नाही. तासभर त्यांना तिथे बसवलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.