आधी आंघोळ

“आधी आंघोळ कर, मग रड,” असं ती म्हणायची. समोरचं माणूस रडत असो, भांडून आलेलं असो, की नुसतं छताकडे बघत पडलेलं असो, तिचं पहिलं वाक्य हेच. सांत्वनाचं दुसरं वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल, जिला गोड बोलता येत नाही आणि तरीही जिच्या दाराशी लोकांच्या चपला दिसतात. आमच्याकडे ही होती. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणायचे.

परळची आमची चाळ पाडली तेव्हा आम्हाला संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. तात्पुरत्या. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याला एकदा तिथं राहायला पाठवायला हवं. जुन्या चाळीत आम्ही मालवणकडचे लोक एका टोकाला आणि विहारात जाणारे लोक दुसऱ्या टोकाला राहत असू. इथं सोडत निघाली आणि ताईची खोली माझ्या खोलीला लागून आली. मधली भिंत इतकी पातळ, की तिनं मिरचीची फोडणी टाकली की ठसका मला लागायचा.

माझ्या जावेची खोली त्याच मजल्यावर. तिला ही सोडत फारशी रुचली नव्हती. ती ताईकडे जायची, बसायची, तासभर गप्पा मारायची, पण चहा पुढे आला की तिला नेमका उपास असायचा. “तुझ्या जावेचे सगळे उपास माझ्याच घरी कसे गं येतात?” असं ताईनं एकदा मला हसत विचारलं. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

ताई हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांना रंग दाखवायची आणि स्वतः पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. त्या साडीला इस्त्री अशी कडक, की ती बसली तरी साडी उभीच आहे असं वाटावं. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. बरीच वर्षं ते वाचन तिच्याकडे होतं. तिचा आवाज काही गोड नव्हता. पण शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजीलाही शब्द कळायचा.

एका उन्हाळ्यात तिच्या मुलानं आपला जीव दिला. एकुलता एक, हळू बोलणारा, नोकरीच्या परीक्षा देणारा मुलगा. नवरा आधीच गेलेला. मुलानं असं का केलं याचा अंदाज मी इथं करणार नाही. शिबिरातल्या सगळ्यांनी ते काम मन लावून केलेलं आहे.

लोक भेटायला येऊ लागले आणि प्रत्येक जण तिला मोहरीची गोष्ट सांगू लागला. मला तोवर ती माहीत नव्हती, त्या आठवड्यात पाठ झाली. एका बाईचं मूल मरतं, ती ते कडेवर घेऊन बुद्धांकडे येते. ते म्हणतात, जिथं कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते आणि रिकाम्या हातानं परत येते. गोष्ट चांगलीच आहे. पण ती ताईनं त्याच लोकांना दर वर्षी वाचून दाखवलेली होती आणि आता तेच लोक तिच्यासमोर मांडी घालून “एक बाई होती” अशी सुरुवात करत होते. विहाराच्या कमिटीतले काका तर दोनदा येऊन सांगून गेले.

शेवटी ताईनं वाटीभर मोहरी मुलाच्या फोटोपुढे आणून ठेवली. आलेला माणूस खाली बसायचा, वाटी बघायचा आणि तोंड मिटायचा. लोकांचं येणं थांबलं तेव्हा तिनं ती मोहरी परत डब्यात ओतली.

मग ती आडवी झाली. माझ्याच भिंतीकडे तोंड करून, दिवसचे दिवस. मी डबा नेऊन ठेवायचे आणि तसाच परत आणायचे. पलीकडून आवाज म्हणून येत नसे. मला खोटं बोलायचं नाही, रोज सकाळी दार ठोठावण्याआधी मी भिंतीला कान लावून श्वास ऐकू येतो का ते बघायचे. मुलाच्या वाटेनं आईही जाईल, असं सगळा मजला धरून चालला होता.

एका सकाळी भिंतीपलीकडे नळ सुटला. बादली भरली, तांब्या वाजला. थोड्या वेळानं घोगऱ्या आवाजात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असं त्रिशरण सुरू झालं, मध्येच थांबलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. देवाला लावतात तसा.

नंतर तिनंच सांगितलं, “माझाच वास मला सहन होईना गं. बुद्ध नंतर आठवले. आधी साबण आठवला.”

त्या दिवसापासून तिचं ठरून गेलं. आंघोळ. केसांना तेल. रविवारी नखं कापायची. मग भिंतीला पाठ न टेकता बसून श्वासाकडे बघायचं. श्वास आत गेला, श्वास बाहेर आला. मनात जे येईल त्याला ये म्हणायचं नाही आणि जा म्हणायचं नाही. मग गरम भात, आमटी, तीही ताट वाढून घेऊन, पातेल्यातून नाही. आणि कडक इस्त्रीची साडी नेसून हिंदमात्याला कामावर.

हे लोकांना अजिबात आवडलं नाही. आईनं मुलामागे खंगत जावं, केस पिंजारलेले असावेत, म्हणजे बघणाऱ्याला बरं वाटतं. माझी जाऊ मला म्हणाली, “झील जावन म्हयनो नाय झालो, नि ही नखां कापीत बसलीहा.” नखं वाढवली असती तरी ती काहीतरी बोललीच असती. विहारातल्या बायकाही वेगळ्या नव्हत्या. ज्यांनी ‘दुःख धरून बसू नये’ असं तिला दहा वेळा सांगितलं, त्याच आता म्हणत होत्या की हिनं फारच लवकर सोडलं.

मी एकदा न राहवून विचारलं, “ताई, ह्या सगळ्याचा फायदा होतो का?”

तिनं खरोखर विचार केला. “फायदा? काही नाही,” ती म्हणाली. “पण आंघोळ झालेली असते.”

आणि मग म्हणाली, “तू भिंतीपलीकडून ऐकतेस ते मला माहीत आहे. म्हणून नळ मोठा सोडते.”

पुढच्या वर्षी माझा नवरा गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडले, ह्या खेपेला तिच्या. नातेवाईक सांगत होते की तो सुटला, देवाला चांगली माणसं लागतात, वगैरे. ताई आली, तिनं पाणी तापायला लावलं, माझा टॉवेल शोधला आणि मला दंडाला धरून उठवलं. मोहरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला ती त्या क्षणी जगातली सगळ्यात निर्दयी बाई वाटली. अंगावर पाणी पडलं आणि मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

वर्षावासाचं वाचन मात्र मुलगा गेल्यापासून तिच्याकडून काढून घेतलं होतं. ‘ताई, आता विश्रांती घ्या’ असं प्रेमानं सांगून काका स्वतःच वाचायला बसले. ती रोज मागच्या रांगेत जाऊन बसायची. मला संध्याकाळी घर खायला उठायचं म्हणून मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. एका संध्याकाळी काका वाचता वाचता अडखळले, चष्म्यावरून ताईकडे पाहिलं आणि जिभेला बोट लावून दोन पानं एकदम उलटली.

“पान सुटलं, काका,” ती मागून म्हणाली.

“राहू दे ताई आज,” काका म्हणाले.

ती उठली, पुढे गेली, ग्रंथ आपल्याकडे ओढून घेतला आणि मोहरीची गोष्ट वाचली. त्या बाईचं प्रत्येक दार वाचलं. प्रत्येक दारातलं “आमच्याकडेही कुणी गेलं” हे उत्तर वाचलं. आवाज कुठंही हलला नाही, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला. बायका डोळ्यांना पदर लावायला तयार बसल्या होत्या, त्यांची निराशा झाली. पायऱ्या उतरताना कुणीतरी म्हणालं, “दगड आहे दगड.” तिनं ते ऐकलं.

घरी येईपर्यंत तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं कापलेली होती म्हणून बरं. मग दंड सोडून ती आपल्या खोलीत गेली. संध्याकाळची वेळ, तरी पलीकडे नळ सुटला, मोठा. आणि पाण्याच्या आवाजाखालून दुसरा आवाज येत होता. नळ मोठा सोडण्याचं दुसरं कारण मला त्या दिवशी कळलं. इतके महिने मी फक्त पाणीच ऐकत होते.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. डेंग्यू निघाला. हॉस्पिटलात मी जवळ होते. हाताला सुई लावलेली, ओठ सुकलेले, आणि बाई मला विचारते, “माझा ब्रश आणलास का? आणि कंगवा?” मी तिचे दात घासून दिले, वेणी घातली. तिनं हात पुढे करून नखं पाहिली आणि म्हणाली, रविवारी कापू. रविवार काही आला नाही.

परत आले तर जाऊ दारातच उभी. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “नक्की तापच ना गो?”

ती एकटी नव्हती. विहारात तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला जो तो मला बाजूला घेऊन हेच विचारत होता. मला त्या सगळ्यांची किळस आली. अजूनही येते. एक बाई रोज सकाळी उठून, हातानं धरून स्वतःला जिवंत ठेवत होती, आणि ह्यांना तिचं साधं तापानं मरणसुद्धा खरं वाटेना. काका बोलायला उभे राहिले. ताई म्हणजे पहाड होत्या, म्हणाले. आणि मग त्यांनी मोहरीची गोष्ट सांगितली.

मला बोलायचं नव्हतं, पण मी उभी राहिले. म्हटलं, “तिला डेंग्यू झाला होता. तिला जगायचं होतं. शेवटच्या दिवशी तिनं दात घासायला ब्रश मागितला.” आणि खाली बसले. थोड्या वेळानं चहा फिरला. जावेला त्या दिवशीही उपास होता.

मी घरी आले. पलीकडच्या खोलीला कुलूप होतं. भिंतीजवळ थोडा वेळ उभी राहिले, मग मोरीत गेले आणि बादली नळाखाली सरकवली. ऐकायला कोणी नव्हतं. तरी नळ मोठाच सोडला.