बांधलेले हात

यवतमाळच्या दवाखान्यातल्या त्या नर्सबाईचं नाव मले कधी समजलं नाही. आमचे मालक तापाच्या भरात खाटेवरून उठून पयत, म्हणून त्याइचे हात पट्टीनं बांधले होते. बाई घडीघडी ये, "दादा, मी आली" म्हणे, अन् पट्टीखाली दोन बोटं जातात का पाहे.

एकदा पट्टी सुटली तं मीच दाव्यावानी कसून बांधली. बोटं सुजून गार पडली.

"बैल बांधला का वं तुनं?" बाई खेकसली. गाठ सोडून मनगट चोयलं, अन् तो हात माह्या हातात देला. "आता तूच धरून बस."

चारचौघात नवऱ्याचा हात धराची रीत नव्हती. मी दिवसभर धरला.

ताप उतरला, आमी बाभुळगावले घरी आलो. मंग जलमभर त्याइनं हात धरू देला नाही, अन् मीबी मागतला नाही.