दादाची काडीमोड

त्या दिवसांत माझं बूड कुठं टेकतच नव्हतं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातच राहायचा. घरी आले की ओसरी ते फाटक, फाटक ते ओसरी. आई म्हणायची, "बस ना वं जराशी, काऊन फिरून राह्यली?" आता बसू कशी? दादाची नोकरी जायची वेळ आली होती.

दादा फौजेत. पेन्शनला थोडीच वर्षं उरली होती आणि पलटणीत त्याच्या हातात नोटीस पडली. पहिली बायको असताना दुसरी केली, तुम्हाला नोकरीतून का काढू नये? कुण्या भल्या माणसानं निनावी तक्रार टाकली होती. फौजेत दोन बायका चालत नाहीत. नोकरी गेली की पेन्शनही गेली. अहो, पण दोन होत्या कुठं? पहिल्या वहिनीचं घरात पटलं नाही, ती माहेरी गेली. मग पंच बसले आणि काडीमोड झाली. ही आमची सोडचिठ्ठीची जुनी चाल. दोन्हीकडच्यांनी काडीचं एकेक टोक धरायचं, काडी मोडली की नातं मोडलं. पुढं वहिनीनं भैंसा गावात दुसरा घरोबा केला, दादानंही लग्न केलं. आमच्या सगळ्या मावला गावाला हे ठाऊक होतं. फौजेला मात्र कोर्टाचा हुकूम पाहिजे होता आणि त्यासाठी मुदत दिली होती अगदी थोडी.

आदिलाबादचे वकील म्हणाले, "चाल खरी असली तर कोर्ट मानतं. पण एक पंच गवाहीला पाहिजे, आणि ती बाई पाहिजे. मी राजीखुशीनं वेगळी झाले, असं तिनं स्वतः सांगायला पाहिजे. ती नाही म्हणाली तर खेळ खलास."

पंचांपैकी जिवंत उरले होते एकटे बाबा. आणि बाबा तर बुद्धविहारात उभं राहून सांगत आलेले, जुन्या चाली सोडा, पंचायती सोडा! त्यांनी आता भर कोर्टात म्हणायचं की चाल आहे आणि पंच मीच होतो. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची कीवही येत होती आणि रागही. दर रविवारी एसटीडी बूथवर दादाचा फोन यायचा. तिकडून एकच, "झालं का?"

शेवटी मी आणि बाबा भैंशाला निघालो. वाटेत इचोड्याला बसचा ड्रायव्हर जो चहाला उतरला तो येईचना. मी दोनदा खाली उतरून त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. बाबा खिडकीतून म्हणाले, "पिऊ दे ना वं त्याले." इथं माझा जीव टांगणीला लागला होता आणि यांना ड्रायव्हरच्या चहाची काळजी!

वहिनी जिनिंगमधून नुकतीच आली होती. केसांत कापसाचे तंतू. तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि बाबांकडं बघून म्हणाली, "तवा कोण्या मेल्यानं इचारलं होतं मले? आज काऊन इचारून राह्यले?"

काडीमोड खोटी ठरली तर तिचंही दुसरं लग्न खोटं ठरेल, असं वकिलांनी मला सांगितलं होतं. ते माझ्या ओठावर आलं. बाबांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "पोरी, तुह्या मनात असंन तर ये," ते तिला म्हणाले. "नसंन तर तुले कोणी काई म्हणणार नाई."

"पाहू," ती म्हणाली. एवढ्यावर आम्ही परत आलो.

पेशीच्या दिवशी सकाळपासून मी कोर्टाच्या फाटकात उभी. स्टँडवर जाऊन भैंशाची प्रत्येक गाडी बघून आले. वहिनी आली, एकटीच. मला हुश्श झालं, पण ती माझ्याकडं न बघता आत गेली. आता ही आत काय बोलते, याची नवी धास्ती.

आधी बाबा उभे राहिले. न्यायाधीश तेलुगूत विचारायचे, कारकून हिंदीत सांगायचा. काडी कोणी धरली होती?

"एक टोक माह्या पोरानं, एक तिच्या बापानं," बाबा म्हणाले. "पऱ्हाटीची काडी होती."

आणि बाई?

बाबांनी घाम पुसला. आमचे वकील त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होते. मला वाटलं, बाबा, एकदा तरी खोटं बोला हो! बाबा म्हणाले, "तिच्या हाती काडी नवती, साहेब. तिले कोणी इचारलं नाई."

गेलं सगळं. मग वहिनीला पुकारा झाला. राजीखुशी से? कारकुनानं विचारलं. तिनं बाबांकडं बघितलं.

"हो साहेब," ती म्हणाली. "राजीखुशीनं."

बाहेर आल्यावर बाबांनी तिच्यापुढं हात जोडले. ती भडकलीच. "हात कायले जोडता मामाजी? तवा तुमी मांडवात काडी मोडत होते, अन् मी आत तुमच्यासाठी चा मांडत होती. काडी आज मोडली. आज इचारलं म्हणून." डोळ्यांना पदर लावून ती भैंशाच्या गाडीकडं गेली.

पुढं हुकूम मिळाला, नोटीस मागं घेतली गेली. रविवारी दादाचा फोन आला. "झालं का?"

"झालं."

तो हसला, केवढ्यानं तरी हसला! बायकोचं विचारलं, पोरांचं विचारलं, यंदा कापूस कसा आहे तेही विचारलं. मी वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "तिचं काई इचारलं नाई तू."

"कोणाचं?" दादा म्हणाला.

मी फोन ठेवून दिला.