आईने पाहिलेल्या पेशी

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले आणि आईचे केस बोटभर वाढले, तेव्हा ती हट्टाने माझी लॅब बघायला आली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोप नीट लावून दिला.

"या तुझ्यासारख्याच गाठीतल्या पेशी," मी म्हटलं. "पेशीला बाहेरचे निरोप घेणारे रिसेप्टर असतात. यांना सारखा 'वाढ, वाढ' एवढाच निरोप मिळतो, म्हणून वेळ झाली तरी मरायचं त्या विसरतात. काल औषध घालून मी तो निरोप अडवला."

"मग आता?"

"आता आक्रसून एकेक मरतेय, बघ. चांगल्या पेशी रोज अशाच गुपचूप मरतात, म्हणून तर आपण धड राहतो."

आई खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या गं या?"

"फार वर्षांपूर्वी कुणा बाईच्या गाठीतून घेतलेल्या, तेव्हापासून लॅबमध्ये वाढवत आलेल्या. तुला दिलेलं औषधही आधी यांच्यावरच तपासलं होतं," मी म्हटलं. बाटलीवर नुसता क्रमांक असतो. चार वर्षं मी लेकरांसारखं त्यांचं खाणंपिणं पाहत होते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"बरी झाली का ती?"

"माहीत नाही, आई."

आई पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलायची, तशा हलक्या आवाजात म्हणाली, "बाई गं, तुझ्यामुळे मी इथे बसलेय."