फ्रिजमधल्या तीन बाटल्या आणि शमीम मॅडम

डॉ. शमीम मॅडमांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात मी लिहावं, हे मलाच जरा खटकलं. घोडेगावात त्यांच्यावर सर्वांत जास्त संशय घेतला तो मी. माझं औषधाचं दुकान त्यांच्या दवाखान्यासमोर. त्या नव्या आल्या तेव्हा त्यांच्या चिठ्ठ्यांवर असायचं काय, तर मीठ-साखरेचं पाणी, ताक, भाकरी. मला वाटलं, या दवाखान्यातच गुपचूप औषधं विकतात. खात्री करायला मी बायकोलाच पेशंट करून पाठवलं.

ती येऊन म्हणाली, "लई विचारपूस केली. औषध न्हाई दिलं. काय झालं न्हाई म्हनल्या." हिला ओळखलं असणार! माझा संशय आणखी वाढला.

पुढे माझी नात सई तीन वर्षांची असताना तिचे जुलाब थांबेनात. पोर वाळत चालली. माझे सगळे उपाय संपले, तेव्हा नाइलाजाने मी रस्ता ओलांडला.

"आधी काय दिलंत?" मॅडमांनी विचारलं.

"काहीच नाही," मी ठोकून दिलं.

संध्याकाळी त्या सईला बघायला घरी आल्या. पाणी मागितलं, बायकोमागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि सरळ फ्रिज उघडला. दारात अँटिबायोटिकच्या तीन अर्धवट बाटल्या! सर्दी झाली की दोन दिवस पाजायचं, नाक थांबलं की बाटली ठेवून द्यायची, ही माझी घरची पद्धत.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, साध्या सर्दीला याचा उपयोग नाही. पोरीच्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, बरेचसे कामाचे. कुणाशी लढायचं अन् कुणाला सोडायचं, हे तिची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडून शिकतेय. तुम्ही दर सर्दीला मास्तरच हाकलून लावले." मग माझ्याकडे बघून हसल्या, "सगळ्यांवरच संशय घेणारी प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते बरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला मीच आजारी पाडलं होतं. बाटल्या त्यांनी पर्समध्ये टाकून नेल्या. तेव्हाही वाटलंच, नेतात कशाला? पण सई बरी होईपर्यंत त्या रोज आल्या आणि माझं खोटं त्यांनी गावात कुणालाही कळू दिलं नाही. ते आज मीच सांगतोय.

सई आता दहावीत आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी देत नाही.

माझा स्वभाव मात्र गेला नाही. मॅडम म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. माझा विश्वास बसत नाही. म्हणून रोज सकाळी शटर वर केलं की आधी समोर दवाखान्यात बघतो, मॅडम खुर्चीत आहेत ना! शंभरी उलटेपर्यंत मला हा संशय असाच रोज खोटा ठरलेला बघायचा आहे.