घोड्याच्या केसांची सेटी

कात्रीकाकांनी सदतीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या, पण त्यांतल्या एकीतही ते कधी पाच मिनिटं टेकले नसतील. शेवटी पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता बसा." काकांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं, घरी आले आणि बसायचं म्हणून आजूबाजूला पाहिलं. घरात एक लोखंडी पलंग होता आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या.

"बसायचंच आहे तर नीट बसू," काका म्हणाले. "जुनी सेटी आणू."

जुनीच का, तर एका आजारी वकिलांची दाढी करायला काका त्यांच्या घरी जायचे. एकदा वकिलांना उठायला उशीर झाला आणि काकांना तिथल्या जुन्या सेटीवर दहा मिनिटं बसावं लागलं. त्या दहा मिनिटांची गोडी वीस वर्षं त्यांच्या मनातून गेली नव्हती.

मुलीला हे पटेना. ती त्यांना नव्या सोफ्यांच्या दुकानात घेऊन गेली. काका एका पांढऱ्या सोफ्यावर बसले ते खालीच गेले. गुडघे हनुवटीला लागले. दोन विक्रेत्यांनी हाताला धरून ओढलं तेव्हा कुठे बाहेर आले.

"बाबा, आरामात रुतायला होतं ना?"

"रुतायला मी काय चिखलात चाललोय?" काका म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. काकूंनी तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते, म्हणजे तीस वर्षं मशीनसमोर बसून काढली होती. त्यांना आता बसण्याचं नाव नको होतं. मशीनवर चादर टाकली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "यापुढे सुईला हात लावणार नाही. बटणसुद्धा नाही." काकांच्या शर्टाचं दुसरं बटण आठ महिन्यांपासून गायब होतं, त्यावरून घोषणेचा पक्केपणा दिसत होता. तरीही सेटी बघायला त्या काकांबरोबर निघाल्या, कारण काकांना एकट्याने खरेदीला सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

जुन्या फर्निचरचं दुकान बस डेपोच्या मागे एका गोदामात होतं. कपाटांवर कपाटं रचलेली, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. दुकानदार हसतमुख होता आणि त्याची मिशी कुळकुळीत काळी होती. काकांनी मिशीकडे एकदाच पाहिलं आणि काकूंच्या कानाशी लागले. "परवाच रंगवलीय. हा सेटीचं वय काय खरं सांगणार?"

पहिली सेटी दिसायला भरदार होती. काकूंनी ती उलटी करायला लावली. पायांना बारीक भोकं होती आणि खाली पिठासारखा ताजा भुसा. "भोकं जुनी असती तर चाललं असतं," काकू म्हणाल्या. "इथं अजून जेवणं चालू आहेत."

दुसरी सेटी नक्षीदार होती. दुकानदाराने तिच्या पाठीवर थोपटलं. "शंभर वर्षांची आहे. आत अस्सल घोड्याचे केस भरलेत. तेव्हा तसंच भरायचे. आता स्पंज कोंबतात."

केसांचा विषय निघाल्यावर काका खुलले. त्यांनी शिवणीच्या फटीत दोन बोटं घातली, चिमूटभर भरण ओढून काढलं, बोटांत चोळलं आणि दुकानदारासमोर धरलं.

"हा घोडा नारळाच्या झाडावर चढायचा का?"

दुकानदार म्हणाला, "काथ्या आहे का? मला आणणाऱ्याने सांगितलं तसं मी सांगितलं."

मग काका स्वतःच हिंडायला लागले. जी सेटी दिसेल तिच्या पोटात बोटं. एकीत काथ्या निघाला, एकीत स्पंज, एकीत चक्क जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे. अगदी कोपऱ्यात, दोन टेबलं आणि एका गुंडाळलेल्या गालिचाखाली, एक दोन माणसांची सेटी दबलेली होती. कापड कधीकाळी हिरवं असावं. हातापाशी फाटलं होतं. काकांनी तिथून एक केस ओढला. केस लांब, काळा, स्प्रिंगसारखा वळलेला, सोडला की परत वळणारा. त्यांनी काडी पेटवून त्याचं टोक जाळलं, वास घेतला आणि डोळे मिटले.

"खरा," ते म्हणाले.

मग त्यांनी पाठीच्या वरच्या कडेचे तेलकट डाग तपासले. "डावीकडे उंच माणूस बसायचा. टक्कल होतं. डाग कसा गोल आणि स्वच्छ आहे बघ. उजवीकडे बुटकं कुणीतरी, भरपूर तेल लावणारं."

"त्यांचा पत्ताही सांगा," काकू म्हणाल्या. पण एव्हाना त्यांचंही बोट सेटीच्या कडेवरून फिरत होतं. सांध्यांत खिळे नव्हते, लाकडी खुंट्या होत्या. आणि कडेचे टाके सगळे हाताचे होते. "इंचाला सात," त्या पुटपुटल्या. "एकही चुकलेला नाही." त्यांनी आणखी काही म्हटलं नाही, म्हणजे सेटी ठरली.

काकांनी घराची भिंत मोजली होती, दारही मोजलं होतं. जिन्याचं वळण मोजलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सेटी अडली. दोघा हमालांनी ती उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली, मग जिन्याच्या चौकात ठेवली आणि चहा पिऊन येतो म्हणून गेले ते गेलेच.

सेटी पाच दिवस तिथेच राहिली. पहिल्या दिवशी लोक अंग चोरून, कुरकुरत गेले. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई दम खायला टेकल्या आणि म्हणाल्या, "हे इमारतीत आधीच हवं होतं." तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिथे वर्तमानपत्र आणून ठेवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'जिन्यात बसण्यास मनाई आहे' अशी सूचना लिहून आणली आणि शुद्धलेखन तपासायला सेटीवरच बसले. काका दिवसभर तिच्या एका टोकाला बसून आल्यागेल्याला जागा करून देत होते. बसायला मिळत होतं, पण पाहुणा असल्यासारखं.

पाचव्या दिवशी काकू भाजी घेऊन वर आल्या, तर चार माणसं काकांना सल्ला देत होती. सल्ला एकच होता: सेटीचा एक हात कापायचा. एकाने करवतही आणली होती.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. पाठीच्या फुगवट्यावर वीत ठेवून मोजलं, मग वळणाच्या कठड्याशी वीत ठेवून मोजलं.

"सगळे उठा," त्या म्हणाल्या. "आणि ती करवत घेऊन जा. अडतंय ते लाकूड नाही, भरण आहे."

घरातून कात्री आणून त्यांनी तिथेच जिन्यात सेटीची पाठ उसवली. एकेक टाका. कापड उतरलं, गोणपाट उतरलं, केसांचे गठ्ठे निघाले, सहा उशांच्या अभ्र्यांत भरले. उरला तो सांगाडा चौघांनी तिरका करून सहज वर नेला.

मग तीन आठवडे घरात दुसरं काही झालं नाही. काकांनी दुकानातून शांपूचा डबा मागवला आणि बादल्यांत घोड्याचे केस धुतले. तीन पाणी. गच्चीवर मच्छरदाणीखाली वाळवले. मग मांडी घालून बसले आणि एकेक बट विंचरून मोकळी केली. पुतण्या दुकानातली अडचण विचारायला आला, तर म्हणाले, "थांब, गिऱ्हाईक चालू आहे."

काकूंनी गॅसवर तापवून दाभण वाकवलं आणि भरण शिवायला घेतलं. काका शेजारी उभे.

"अगं, केस असे दाबू नकोस. वळण मरतं."

"मी कधी तुमच्या दुकानात येऊन कल्ले कुठवर ठेवा ते सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मात्र काकू आपणहून केस कमी दाबत होत्या. सुई हातात होतीच, म्हणून त्यांनी शर्टाला बटणही लावून टाकलं.

सेटी पुरी झाली ती एका दुपारी. कापड गणवेशाच्या उरलेल्या निळ्या ताग्यातलं होतं. काका डावीकडे बसले, काकू उजवीकडे. सेटी ताठ होती, पण अंगाला धरून होती. समोर भिंत होती. दुपारच्या वेळी दोघांनी शेजारी शेजारी रिकामं बसायची ही पहिलीच खेप होती.

"हवा जरा कोरडी आहे हल्ली," काका म्हणाले.

"मी गिऱ्हाईक नाही."

काका पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "या निळ्या कापडाचं एक सांगायचं राहिलंय. एका वर्षी मी चुकून चाळीस चड्ड्यांचे खिसे वरून शिवून बंद केले होते. शाळेला दिल्याही. मग कळलं."

"मग?"

"मग काय. वर्षभर वाट बघितली. एकाही पोराची तक्रार आली नाही. शेवटी हेडमास्तरांची चिठ्ठी आली, यंदा मुलांना शिस्त बरी लागलीय, खिशात हात घालून कोणी फिरत नाही, पुढच्या वर्षीही कपडे तुमच्याकडेच."

काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग सेटीच्या स्प्रिंगा वाजायला लागल्या, आणि त्या वाजतात हे ऐकून काकूही.